बैलाची रेघ, झेब्र्याचं कपाळ

"म्मा, एक विचारू का? तुमच्या जेवणघराच्या छताला बैलाचं मूत लावायचं, हे तुम्ही विचार करून ठरवलंय, की तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?"

गोराताचा प्रश्न संपला आणि गावसभेच्या झाडाखाली बसलेली दीड-दोनशे माणसं एकदमच श्वास घ्यायची विसरली. गावप्रमुखांच्या हातातली काठी अर्ध्यात थांबली. कडेला रवंथ करत बसलेली शेळीसुद्धा थांबली, असं गोराताची मैत्रीण ओफेन्त्से नंतर शपथेवर सांगायची. मग मागच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता अख्खी सभा हसायला लागली.

पैज चार माग्विन्यांची होती. शाळेच्या फाटकापाशी मिळणारे ते तळलेले, गरमागरम, बोटांना तेल लावणारे गोळे. "तू विचारून दाखव, चारही तुझे," असं तिची दुसरी मैत्रीण सेदी म्हणाली होती. "ही काय विचारतेय! हिची बोबडी वळेल," असं म्हणून ओफेन्त्सेने काडी टाकली होती. गेल्या वर्षापर्यंत ते खरंही होतं. हजेरी देताना गोराताचा आवाज फक्त तिच्या बुटांना ऐकू जायचा. पण या सत्रात जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेत तिने दोन उंचच उंच मुलांना भर सभागृहात गप्प बसवलं, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला लगाम घालणारं कोणी राहिलं नव्हतं.

प्रश्न विचारला होता म्मा झोलेकाला, म्हणजे झोलेकाबाईंना. जोहान्सबर्गहून आलेली, डोक्यावर केस नाहीत, कानात लाकडी कर्णफुलं. गावापलीकडच्या पाण्याच्या काठावर जे रिसॉर्ट उभं राहत होतं, ते तिने कागदावर काढलेलं होतं. ते कागद तिने दोरीवर कपड्यांसारखे चिमट्यांनी टांगले होते. खवले मांजराच्या पाठीसारखं लाकडी चकत्यांचं छप्पर. सुगरणीच्या खोप्यांसारखे दिवे. वारुळाच्या मातीने लिंपलेल्या भिंती. हत्ती काढतात तशा वळणावळणाच्या पायवाटा. सिमेंट नाही, एकही झाड तोडायचं नाही, ताडाच्या एका बेटातून एका हंगामात एकदाच पात काढायची. हा शेवटचा नियम ऐकून विणकर बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं होतं. आपलाच नियम परगावाहून परत आल्यासारखं त्यांना वाटलं.

आणि या सगळ्याच्या मधोमध, जेवणघराच्या छताला, एक प्रचंड विणलेली चकती लागणार होती. कागदावर तिच्याखाली लिहिलं होतं, 'नदीचा प्रवास'. ती गोराताची आई गेले आठ महिने विणत होती.

"मग तुम्ही या रेघेला काय म्हणता?" झोलेकाने विचारलं. तिला राग आलेला नव्हता.

प्रमुखांनी घसा खाकरला. "म्मा, बैल चालता चालता मुततो, तेव्हा धुळीत नागमोडी रेघ उमटत जाते ना, ती ही. आमच्या आज्या-पणज्यांनी ती धुळीतून उचलली आणि टोपलीवर ठेवली. नदीबिदी काही नाही त्यात."

झोलेका इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "मुली, तुझे उपकार झाले," ती म्हणाली. गोराता छाती पुढे काढून खाली बसली. ओफेन्त्सेने सगळं फोनवर टिपलं होतं.

पुढच्या रांगेत बसलेली गोराताची आई मात्र हसली नव्हती. तिने मान वळवून मागे पाहिलं होतं, पण गोराताकडे नाही, शेजारच्या सेदीकडे. रागावली म्हणून माझ्याकडे बघतही नाहीये, असं गोराताला वाटलं आणि सेदीने तिथेच मोजून दिलेल्या चारांतल्या दुसऱ्या माग्विन्याचा लचका तिने तोडला.

*

चार दिवसांनी रिसॉर्टच्या बांधकामावरचा मुकादम मोलापिसी, सगळे त्याला आदराने र्रा म्हणत, गाडी घेऊन अंगणात आला. टोपी काढून हातात धरली, तेव्हाच गोराताचे बाबा, दिशो, बसल्या जागेवरून उठले.

"मालकमंडळींनी हसण्यावारी नेलं नाही," मोलापिसी म्हणाला. "पाहुणे जेवायला बसणार आणि डोक्यावर... आता तुम्हीच सांगा."

"पाहुण्यांना कोण सांगायला जातंय?" बाबा म्हणाले.

"र्रा, होड्या वल्हवणारी पोरं पहिल्याच दिवशी सांगतील. आणि सांगायची गरजच नाही. तो प्रश्न कोणीतरी फोनवर घेतलाय. जोहान्सबर्गपर्यंत पोचलाय तो." त्याने गोराताकडे बघणं टाळलं, ते बघण्यापेक्षा वाईट होतं. "म्मा झोलेका पुष्कळ भांडल्या. पण ठरलंय. बैल नको. झेब्र्याचं कपाळ हा नमुना हवाय. रुंदी निम्मी, मुदत दहा आठवडे. हा कागद."

आईने कागद हातात घेतला, समोर धरला, बराच वेळ पाहिला. कागद उलटा होता. संतापाने तिचं लक्षच नाही, असं गोराताला वाटलं.

"होईल," आई म्हणाली.

"आणि ती मोठी चकती?" बाबांनी विचारलं.

"ती तुमच्याकडेच राहू द्या." मोलापिसीने टोपी घातली.

मांडवाखाली ती चकती भिंतीला टेकून उभी होती. आईने दोन्ही हात पसरले तरी काठ हाती न येणारी, चौऱ्याण्णव फेऱ्यांची. मधल्या बिंदूपासून निघालेल्या तपकिरी रेघा डुलत डुलत, जराही घाई न करता, काठाकडे चालत गेलेल्या. शंभराव्या फेऱ्याला ती पुरी होणार होती. फक्त सहा राहिले होते.

"आई, मी मुद्दाम नाही गं..."

"पाणी आण," आई म्हणाली.

*

दुसऱ्या दिवसापासून आईने झेब्रा धरला. वेलीचा गाभा, त्यावर ताडाच्या पातीचा वेढा, आरीने भोक, पात आत, ओढ, पुन्हा भोक. तिच्याबरोबर मांडवाखाली आणखी सहा बायका बसायच्या. त्यांच्याकडे रिसॉर्टच्या खोल्यांसाठी विणायचे लहान दिवे होते. त्यात सेदीची आई होती. हात चपळ, तोंड त्याहून चपळ.

"काय गं वकीलबाई," शाळेतून येणाऱ्या गोराताला ती रोज गाठायची, "आज कोणाचा खटला चालवलास? आज माझ्या दिव्याबद्दल काही विचारू नकोस हं, मला म्हातारपणी नवा नमुना झेपायचा नाही."

बायका हसायच्या. आईही ओठांच्या कोपऱ्यात हसायची, आणि तिचं ते हसणं गोराताला आरीसारखं टोचायचं. सेदीवरही तिचा राग निघाला. शाळेच्या वाटेवर ती एकदा फाडकन म्हणाली, "खरं सांग, तुझ्या आईने शिकवलं होतं का तुला, माझ्याकडून तो प्रश्न विचारून घ्यायला?"

"डोकं फिरलंय का तुझं?" सेदी म्हणाली. "माझ्या आईला कळलं पैज मी लावली, तर ती मला त्याच बैलाला बांधेल." 

दुसऱ्या आठवड्यातला शनिवार होता. बायका पात आणायला गेल्या होत्या. आई एकटीच विणत होती आणि गोराता तिच्यामागे उभी राहून, काहीतरी चांगलं बोलून भरपाई करावी म्हणून शब्द शोधत होती. तेव्हा तिला ते दिसलं.

झेब्र्याच्या कपाळाला तीन रंग लागतात: पातीचा मूळचा पांढुरका, एकदा उकळलेला फिका तपकिरी आणि दोनदा उकळलेला गडद. फिक्याच्या पट्ट्यात गडद आला तर कपाळ फाटल्यासारखं दिसतं. नवव्या फेऱ्यात, फिक्याच्या अगदी मधोमध, चार टाके गडद होते. पुढे आणखी सहा. अकराव्या फेऱ्यात तर पट्टाच हरवला होता.

"आई, इथे रंग..." ती म्हणाली.

"कुठे?" आईने अंगठा ठेवला. वीतभर पलीकडे.

  आईच्या डाव्या हाताला दोन घमेली होती, एकात फिकी पात, एकात गडद. गोराता खाली बसली आणि आवाज न करता तिने दोन्ही घमेल्यांची अदलाबदल केली. आई शेजारून बोलत होती, संध्याकाळी मासा घालून त्स्वी करू म्हणत होती, कमळाच्या मुळ्या निवडून ठेवल्यास का विचारत होती. बोलता बोलता तिने हात घातला, पात उचलली, जिभेवर ओली केली आणि फिक्याच्या पट्ट्यात गडद पात ओढली. जराही न अडखळता.

गोराताने घमेली पुन्हा जागच्या जागी ठेवली.

मग एकेक गोष्ट तिच्यासमोर येऊन उभी राहायला लागली, जणू सगळ्या दाराबाहेर रांग लावून थांबल्या होत्या. चहा ओतताना आईचं बोट कपाच्या आत असायचं. सुईत दोरा गोराताने ओवायचा, पत्र गोराताने वाचायचं. 'तुझं शिक्षण कशाला मग?' असं आई म्हणायची आणि गोराता फुशारून जायची. परवा ओफेन्त्से आली तर आई म्हणाली होती, "ये सेदी." उलटा कागद. आणि सभेत वळलेली ती मान.

*

बाबा रिसॉर्टच्या छपरावर होते. खवले मांजराची पाठ अर्धी झाली होती. लाकडी चकत्या एकावर एक, खालून वर, आणि त्यांच्यावर बाबा पालीसारखे चिकटलेले. गोराता इतकी धावत आली होती की खालून हाक मारायला तिला श्वासच उरला नव्हता. बाबांनीच तिला पाहिलं.

"काय झालं पोरी? आई बरी आहे ना?"

"आईला दिसत नाही."

बाबा शिडीवरून उतरले. एकेक पायरी, फार सावकाश. उतरून झाल्यावर त्यांनी हात झटकले, जे झटकायची काही गरज नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," गोराता म्हणाली.

"गेल्या वर्षी शहरात, माउनला, आम्ही लग्नाला गेलो होतो, आठवतंय? लग्न नव्हतं ते. दवाखाना होता." बाबांनी जवळचा एक ओंडका ओढून तिला बसायला दिला, स्वतः उभेच राहिले. "मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणाले. हा काचबिंदू. गेलेलं परत येत नाही. औषध घालून उरलेलं जरा टिकवायचं, एवढंच."

"किती उरलंय?"

"उजेड कळतो. माणूस उभा आहे हे कळतं. कोण ते आवाजावरून."

"मग आठ महिने ती चकती..."

"ती बैलाची रेघ आहे, गोराता." बाबा छपराकडे बघत बोलत होते. "रंगवलेली पात बोटाला खरखरीत लागते, साधी मऊ. प्रत्येक फेऱ्यात खरखरीत टाका दोन टाके पुढे सरकवायचा, वळण आलं की दोन टाके मागे. बैल चालतो तसं चालत राहायचं. डोळे लागतच नाहीत. म्हणून तर तिने तो नमुना निवडला. झोलेकाबाईंना दहा टोपल्या दाखवल्या होत्या, आणि हीच घ्या म्हणून मागे लागली होती." ते थोडं थांबले. "झेब्र्याला फिका कुठला, गडद कुठला, ते बोटाला कळत नाही. एकदा उकळा नाहीतर दोनदा उकळा, पात सारखीच लागते."

वर कोणीतरी हातोडा मारायला सुरुवात केली. गोराता ओंडक्यावर बसून राहिली. 

"मला का नाही सांगितलं?"

"तिची अट होती. ज्या दिवशी पोरीला कळेल, त्या दिवशी पोरगी मला हात धरून चालवायला लागेल, असं म्हणाली." बाबांनी हातोडा उचलला. "शुक्रवारी झोलेकाबाई काम बघायला येतायत. तोपर्यंत तू काही बोलू नकोस. ती सांगेल तेव्हा सांगेल."

*

गोराता बोलली नाही. पण गप्प बसणं वेगळं आणि हातावर हात ठेवून बसणं वेगळं. रविवारी आई चर्चला गेली तेव्हा तिने झेब्रा मांडीवर घेतला आणि नवव्या फेऱ्यापासून उसवायला बसली. उसवलेली पात पुन्हा वापरता येत नाही, ती फाटते. पाच फेरे उसवून तिने चुलीत जाळले. मग गडद पातीच्या प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक बारीक गाठ मारली. दोनशे तरी पट्ट्या असतील. बोटांची सालं निघाली. फिक्या पट्ट्या तशाच ठेवल्या.

आईने संध्याकाळी काम हातात घेतलं. अंगठा काठावरून फिरवला. फेरे आठच होते. तिने पुन्हा मोजले. मग घमेल्यात हात घातला, पट्टी उचलली आणि टोकाशी आली. बोटं थांबली. दुसरी पट्टी उचलली. तिसरी.

गोराता चुलीपाशी होती. तिने ढवळणं थांबवलं नाही.

"गाठी कोणी मारल्या?" आईने विचारलं.

"मी."

 भांड्यातल्या ज्वारीच्या बोगोबेला बुडबुडे येत होते, फुटत होते.

"बारीक मारल्यास," शेवटी आई म्हणाली. "हाताला लागतात, डोळ्याला दिसणार नाहीत." आणि तिने पट्टी जिभेवर ओली केली.

त्या आठवड्यात गोराता रोज शाळेतून धावत यायची आणि बायका गेल्या की दोघी बसायच्या. झेब्रा पुढे सरकत होता. पण गाठ भोकातून ओढताना अडकायची, टाका सैल पडायचा, आणि पट्ट्याची सीमा जिथे तिरकी वळते तिथे गाठ काही सांगू शकत नव्हती. तिथे पुढे किती टाके वळायचं हे समोरचं पाहूनच कळतं. गोराता टाके मोजून सांगायची. "सात, आई. आता गडद. चार." सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडायची. आणि तिचं मोजणं चुकायचं, कारण ती कधीच विणायला बसली नव्हती. शिकायला बोलावलं की ती म्हणायची, "मी पुढे कागदावर काढणारी होणार, विणणारी नाही."

गुरुवारी बाराव्या फेऱ्याला पट्टा पुन्हा वाकडा गेला. दोघींनाही कळलं. एकीला डोळ्याने, एकीला दुसरीच्या गप्प बसण्यावरून.

*

शुक्रवारी झोलेका आली तेव्हा मांडवाखाली सातही बायका होत्या आणि गोराताने शाळा बुडवली होती. मोलापिसी गाडीपाशीच थांबला.

झोलेकाने आधी दिवे पाहिले. सेदीच्या आईच्या दिव्यावर तिने दोनदा हात फिरवला. "सुगरणीलाही असा खोपा जमणार नाही," ती म्हणाली.

"म्मा, सुगरणीला वरून मुकादम नसतो ना," सेदीची आई म्हणाली, आणि मोलापिसीसकट सगळे हसले.

मग झोलेका आईसमोर गुडघ्यांवर बसली. झेब्रा तिने उजेडात धरला.  झोलेकाचं बोट पट्ट्यावरून चाललं आणि बाराव्या फेऱ्याला थांबलं.

"म्मा-गोराता, इथे जरासं..."

"ते माझं आहे," गोराता म्हणाली. फार मोठ्याने. "मी केलंय ते. आई चर्चला गेली होती, तेव्हा मी उगाच घेतलं हातात. आईने नाही. ते उसवून आई नीट करेल, तिला दोन दिवस द्या फक्त."

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. सेदीच्या आईचा हात दिव्यावर तसाच राहिला.

"गोराता," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "लोकांसमोर खोटं बोलायला मी तुला शाळेत घातलं नाही."

मग ती झोलेकाकडे वळली, झोलेकाच्या चेहऱ्याच्या किंचित डावीकडे. "म्मा, माझी नजर गेली आहे. वर्ष झालं. झेब्रा माझ्याच्याने होणार नाही. मी होईल म्हणाले, ते चुकलं. तुमचे तीन आठवडे वाया घालवले."

 कोंबड्या मांडवात शिरल्या तरी त्यांना कोणी हुसकलं नाही.

झोलेकाने झेब्रा खाली ठेवला आणि भिंतीला टेकलेल्या मोठ्या चकतीकडे पाहिलं. "मग ती?"

"ती हाताने केली," आई म्हणाली.

झोलेका उठली. चकतीपाशी गेली, डोळे मिटले आणि मधल्या बिंदूवर बोट ठेवलं. बोट चालायला लागलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, हळूहळू बाहेर. अर्ध्या वाटेवर ते रेघ सोडून भरकटलं. तिने डोळे उघडले आणि आपलं बोट कुठे पोचलंय ते पाहून ओठ आवळले.

"मी पुन्हा बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली. "जेवणघरात नाही तर न्हाणीघराच्या ओसरीत तरी लावू. तिथे भिंत मोठी आहे."

सेदीच्या आईने चटकन आईकडे पाहिलं. आई थोडी हसली.

"नको, म्मा. जिथे लावायची म्हणून विणली, तिथे नाही तर कुठेच नको. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही भांडलात, ते मला कळलंय."

आणि मग तिने दोन्ही घमेली जवळ ओढली, चाचपून गडद पट्ट्यांची जुडी बांधली, फिक्यांची बांधली आणि दोन्ही जुड्या सेदीच्या आईच्या दिशेने पुढे केल्या.

"तू कर झेब्रा. आठ फेरे चांगले आहेत, तिथून पुढे धर. गडदच्या टोकांना गाठी आहेत, त्या कापून टाक. तुला लागणार नाहीत."

 सेदीच्या आईने जुड्या घेतल्या. घेताना आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायला फार वेळ लावला.

*

रविवारी दुपारी तिघं मांडवाखाली जेवायला बसली. बाकी बायकांची कामं आता सेदीच्या अंगणात गेली होती, त्यामुळे मांडव एकदम मोठा वाटत होता. बाबांनी त्स्वी वाढली. आज आईला वाढू दिलं नाही, म्हणून आईने तोंड फिरवलं.

"मी अजून आंधळी झालेली नाही," ती म्हणाली.

"कोण म्हणालं झालीस? मासा जास्त येईल म्हणून मी वाढतोय. माझ्या ताटात."

आई हसली नाही, पण जेवायला लागली. जेवता जेवता तिचा उजवा हात मोकळा झाला की मांडीवर जायचा आणि अंगठा तर्जनीवरून पुढे पुढे सरकायचा, काही नसलेला गाभा दाबत. दोन टाके पुढे, दोन मागे. तिला स्वतःला ते कळत नव्हतं. बाबा ते बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

"ती चकती," बाबा शेवटी म्हणाले, "कोठीत ठेवू का आत? इथे धूळ बसेल. वाळवी लागेल."

"ठेवा," आई म्हणाली. "नाहीतर धान्याच्या कणगीला तिचं झाकण करा. भक्कम आहे."

गोराताने ताट खाली ठेवलं. ती उठली, आत गेली आणि शाळेचा तिचा निळा स्कार्फ घेऊन आली. चकती भिंतीपासून ओढताना तिचा तोल गेला. बाबा मदतीला उठायला लागले तर तिने मानेनेच नको म्हटलं. चकती जमिनीवर आडवी करून तिने चौऱ्याण्णवाव्या फेऱ्याचं सुटं टोक आईच्या गुडघ्यापाशी येईल अशी फिरवली आणि त्याच्या काठाला स्वतः मांडी घालून बसली.

"काय चाललंय?" आईने विचारलं. "दिशो, काय करतेय ही?"

"बाबा, ती कोठीत जाणार नाही. आई, तिचं झाकण होणार नाही," गोराता म्हणाली. आवाज सभेतल्यासारखा नव्हता. पण थरथरतही नव्हता. "शाळा मी सोडणार नाहीये, त्यामुळे आधीच ओरडू नका. कागदावर काढणारी मी व्हायचं ते होईनच. पण त्याआधी हे सहा फेरे मी घालणार आहे, रोज शाळेतून आल्यावर, कितीही महिने लागू देत. आणि तू मला मोजून सांगायचं नाहीस." तिने स्कार्फची घडी केली, डोळ्यांवर ठेवली आणि मागे घट्ट गाठ मारली. "आई, माझं बोट धर आणि खरखरीत टाका कुठे आहे ते दाखव."